ड्रायव्हरच्या बाजूची ओल

दस्तगीर मिस्त्रीनं गाडीच्या पोटाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि अंगठ्यानं जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"पापड," तो खालूनच म्हणाला. "वैनी, भाजलेला पापड झालाय हितं."

"गेल्या वर्षी तिथं नवीन पत्रा मारलाय. तुम्हीच मारलाय."

"मीच मारलाय. म्हणून तर लाज वाटायलीय."

तो सरपटत बाहेर आला. भुवयांवर गंजाची तांबडी भुकटी बसली होती. हातातली पत्र्याची कपची त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. मी नुसती बोटं मिटली, तर तिचा चुरा झाला.

"ड्रायव्हरचीच बाजू," तो म्हणाला. "डावीकडं बघा, जलमल्यासारखा कोरा पत्रा. तिसरं वरीस हाय हे. पाणी येतंय कुठनं, ते मला कळंना."

मलाही कळत नव्हतं. आणि त्या बाजूला मी बसत होते.

गाडी मुळात एका कारखान्याची रुग्णवाहिका. लिलावात आमच्याकडं आली. आत दोन फळ्यांच्या निजायच्या जागा, एक स्टो, पाण्याचा कॅन, आणि आठ हार्मोनियम बसतील अशी लाकडी मांडणी. मी तिला बिऱ्हाड म्हणायची. माझे यजमान, सदाशिव गुरव, पेटी दुरुस्त करायचे. मिरजेत त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून इथं मीही तेच म्हणते. माघ सरत आला की कोकणातल्या भजनी मंडळांची पत्रं यायची. काळी दोन बोलत नाही. भाता दमलाय. बुवांचा सूर आणि पेटीचा सूर यांचं पटत नाही. मग आम्ही घाट उतरायचो. गावोगाव देवळापुढं गाडी लावायची, पेट्या उघडायच्या, तिथंच भात शिजवायचा, तिथंच निजायचं. पाऊस तोंडावर आला की परत.

अण्णांचा कान असा, की पेटी शेजारच्या गल्लीत वाजली तरी कुठला सूर केसभर उतरलाय ते सांगतील. डोळे मात्र लहानपणापासून अधू. म्हणून गाडी मी चालवायची. माझे वडील ट्रकवर होते. उसाचा हंगाम संपला की कारखान्याच्या मोकळ्या अंगणात त्यांनी मला शिकवलं होतं. मिरजेत तेव्हा बाई एवढी गाडी चालवते म्हटल्यावर पोरं सायकली थांबवून बघायची. मोठीही बघायची, पण सायकल न थांबवता.

त्या चार महिन्यांवर मी उरलेले आठ काढायची.

आणि आता तेच जाऊ घातलं होतं. आदल्या वर्षी कुडाळकडच्या एका बुवांनी दुरुस्त होऊन आलेली पेटी उघडली, तर भात्याच्या कातड्यावर पांढरी बुरशी. बुवा हसून म्हणाले, "गुरव, तुम्ही पेटयेक सर्दी हाडलास मां." पेटीला सर्दी आणलीत, म्हणून सगळं मंडळ हसलं. अण्णाही हसले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. यंदा त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं: ओल थांबली नाही तर गाडी भंगारात. पेट्या एसटीनं जातील, ते स्वतः एसटीनं जातील, मी घर बघायचं. भंगारवाला शुक्रवारी येणार होता. आज सोमवार.

"पाणी मारून बघू," दस्तगीर म्हणाला.

मी बॅटरी घेऊन आत बसले, सीट काढून ठेवलेल्या जागी, मांडी घालून. तो बाहेरून नळी घेऊन टपावर, काचांवर, दाराच्या फटींवर पाणी मारायला लागला.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता तरी?"

"अहो, थेंब नाही."

अर्धा तास असं चाललं. गाडी गळत नाही म्हणून चिडलेली आम्ही दोनच माणसं त्या वेळी जगात असू. त्यानं नळी टाकली आणि कपाळ पुसलं.

"वैनी, रागवू नका. पर पाणी बाहेरनं येत न्हाई. मग आतनंच कायतरी..."

"तुम्हीसुद्धा कॅन म्हणणार?"

तो टाकलेली नळी गुंडाळायला लागला. म्हणजे म्हणणारच होता.

कॅनचं असं, की तो माझ्या सीटमागं ठेवलेला असायचा. झाकण मी घट्ट लावत नाही, असा अण्णांचा शोध होता. तीन वर्षं तो शोध मी ऐकत होते. झाकण मी लावत होते. वर प्लास्टिकची पिशवी बांधत होते. पिशवीवर रबर घालत होते.

घरी गेले तर सासूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायची रीत.

"काय म्हणाला तुझा मिस्त्री?"

"पत्रा कुजलाय."

"कुजंल न्हाई तर काय. बायामाणसानं लोखंडात झोपायचं म्हणजे..." खडा उचलून त्यांनी अंगणात भिरकावला. "घर काय खायला उठतंय व्हय तुला?"

"मग विकावी म्हणता?"

"मी कशाला म्हणू? मी काय कधी बसली हाय त्यात?"

बसल्या नव्हत्या, ही गोष्ट खरी. सात वर्षांत एकदाही नाही. निघायच्या दिवशी त्या दारातसुद्धा यायच्या नाहीत. गल्लीतल्या बाया यायच्या, हळदीकुंकू लावायच्या. आत्याबाई आत भांडी आपटत असायच्या. मी पाया पडायला आत गेले की पाय पुढं करून म्हणायच्या, "जा. उंडारून या." वीस वर्षांत त्या मला कधी उघड टाकून बोलल्या नव्हत्या, आणि कधी चांगलंही बोलल्या नव्हत्या.

अण्णा सोप्यात पेटी उघडून बसले होते. एकच सूर धरून भाता हळूहळू हलवत होते. न वळता म्हणाले, "कॅनचं सांगितलंस का मिस्त्रीला?"

"कॅन कोरडा आहे. आठ महिने कॅन माळ्यावर आहे. तरी ओल आहे. आता बोला."

"मुरलेली असेल."

"आठ महिने? उन्हात उभी आहे गाडी."

"शालन, मला भांडायचं नाही. शुक्रवारी माणूस येतोय."

त्यांनी पुन्हा तोच सूर धरला. मला तो तेव्हा फार बेसूर वाटला, पण ते सांगायची सोय नव्हती.

मंगळवारी मी गाडीतली फळी न् फळी काढून उन्हात टाकली. पायाखालचं लाकूड उलथं केलं तर खाली काळं, चिकट, आणि वास बंद विहिरीचा. चुलीतली गरम राख पाटीनं नेऊन पसरली. दुपारपर्यंत पत्रा खडखडीत. हात फिरवला, बोटाला नुसती धूळ. मी जरा वेळ तिथंच टेकले. बरं वाटलं.

बुधवारी सकाळी जाऊन बघते तर राखेचा चिखल.

आभाळात ढग नाही. फाल्गुनातलं कोरडं ऊन. गाडी बंद, काचा वर, कुलूप माझ्या हातचं. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली लोखंडाला घाम फुटलेला. एखादीला रडू आलं असतं. मी पाटी फेकली. ती दाराला लागून माझ्याच नडगीवर आली.

तशीच लंगडत दस्तगीरकडं गेले. "मिस्त्री, फाडा."

"काय?"

"दाराखालची ती पोकळ पट्टी. सगळी फाडा. आत काय आहे ते मला बघायचंय."

"वैनी, फाडलं की परत शिवायचं किती, ते माझं मला ठाऊक न्हाई."

"परवा भंगारात जाणार आहे. भंगारात फाटलेलंच जातं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग नडगीकडं, आणि गुरुवारी सकाळी कटर घेऊन आला.

पट्टी उघडली तेव्हा आधी नुसता गंज पडला, थराच्या थरानं, गुळाच्या ढेपेचे पापुद्रे निघावेत तसा. मग दस्तगीरनं आत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

"आत कायतरी मऊ हाय."

"उंदीर?"

"उंदीर असता तर बरं."

त्यानं वाकड्या तारेनं ओढलं. एक पुरचुंडी बाहेर आली. लिंबाएवढी, तांबडी-काळी, ओली. मग दुसरी. तिसरी आणि चौथी एकमेकींना चिकटलेल्या. मोजल्या तर चौदा. त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

"वैनी, मी हे धरणार न्हाई. हे कुणीतरी केलंय."

"काय केलंय?"

"तुमच्यावर. तुमच्याच सीटखाली हाय बघा."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून निम्मी मिरज सरकली. सांगलीची जाऊ, जिला आमचं फिरणं खुपायचं. कोपऱ्यावरची ती, जी म्हणायची, बाई असून स्टिअरिंग. भंगारवालासुद्धा त्यात येऊन गेला. एवढा संताप आला, की भीतीला जागाच उरली नाही. मी पक्कड उचलली, एक पुरचुंडी धरली, आणि दगडावर ठेवून गाठ सोडली.

आत घट्ट झालेला गोळा. पकडीनं ठोकला तर फुटला. मिरच्यांची देठं, काळ्या मोहऱ्या, आणि बाकी सगळं विटकरी रंगाचं खडेखडे.

दस्तगीर पुढं आला. बोटानं चुरून बघितलं, वास घेतला, आणि मटकन टायरवर बसला.

"मीठ हाय हो. खडेमीठ."

"मग?"

"मग काय? मीठ हवेतनं पाणी ओढतंय. पहाटं ओढतंय, दिवसभर पत्र्याला पाजतंय. तिकडं कोकणात तर सुट्टीच न्हाई त्याला. तीन वर्सं मी टपावर पाणी शोधतोय, आणि हे हितं." त्यानं कपाळावर हात मारला. "माझ्या वेल्डिंगला नावं ठेवली मी. माझ्याच."

सीटमागच्या कोपऱ्यात, रुग्णवाहिकेच्या दिवसांत कसली तरी नळी बसवलेली होती, तिचं मूठभर भोक राहिलं होतं. वर रेक्झिनची झडप. तिथून टाकलेलं सरळ खाली त्या पोकळीत जायचं. कुणालाही न दिसता.

मी ऐकत होते, पण बघत होते ती सोडलेली चिंधी. मिठानं तिचा रंग खाल्ला होता. दुमडीत मात्र बोटभर जागा हिरवी होती, आणि त्यात बारीक खणाची नक्षी. हा खण मी ओळखत होते. मग मी दुसरी सोडली. पिवळी. ती माझीच जुनी साडी, जिची मी लुगडी-चिंध्यांच्या बोचक्यात रवानगी केली होती. आणि गाठ. एकावर एक दोन, आणि टोक आत वळवलेलं. माहेरी जाताना मला मिळणारा ओवा, बडीशेप, सुंठ, सगळं वीस वर्षं ह्याच गाठीत आलेलं. सोडता सोडता माझी नखं गेली होती ह्या गाठीवर.

"कुणाचं हाय, कळलं का?" दस्तगीरनं विचारलं.

"पट्टी लावा," मी म्हटलं. "पाण्यानं धुवा, वाळवा, आणि लावा."

घरी पोचेपर्यंत मी मनात सगळं भाषण जुळवलं होतं. तीन वर्षांचा कॅन, पिशव्या, रबरं, अण्णांचं न वळता बोलणं, सगळं त्यात होतं. आत्याबाई परसात वाळवण परतत होत्या. मी पदरातल्या चार पुरचुंड्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

त्यांनी बघितलं. हात थांबला नाही.

"कुणी काढल्या?"

"म्हणजे तुम्हीच."

"मग काय गल्लीतली येऊन टाकणार हाय?"

"आत्याबाई, ह्याच्यामुळं गाडी कुजली. मिठानं. तीन वर्षं मी बोलणी खातेय."

आता हात थांबला. "मिठानं?"

"मीठ पाणी धरतं."

"ते वाईट नजर धरतंय," त्या म्हणाल्या. "पाणी धरतंय, हे मला कुणी सांगितलं न्हाई." मग जरा वेळानं, "एकच टाकायला पायजे हुती का?"

"एकही नाही! आणि माझ्याच सीटखाली का? अण्णांच्या बाजूला का नाही?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारू नये ते विचारलंय.

"सदूकडं कोण बघतंय? पोत्यागत बसतो तो शेजारी. तू हाकतीस. चौकात गाडी वळवतीस तवा सगळं गाव माना वळवतंय. किती जणांचे डोळे लागत असतील, तुला काय ठाऊक? तुझं ध्यान रस्त्यावर." वाळवणावरचा एक खडा त्यांनी वेचला. "निघायच्या आदल्या दिवशी एक, आणि दसऱ्याला गाडी पुजली की एक. कुणी बघितलं तर उपेग न्हाई, म्हणून पहाटं."

"आणि तोंडानं उंडारून या म्हणायचं."

"तोंडानं चांगलं म्हटलं की नजर लागती. एवढंही कळंना व्हय तुला?"

मी उभीच होते. भाषणातलं एक वाक्य सापडेना.

"नुसतं टाकत होता, का काही म्हणतही होता?"

त्यांना ते सांगायचं नव्हतं. तोंड फिरवून, डाळीचं प्रमाण सांगावं तशा सपाट आवाजात त्या म्हणाल्या,

"मीठ-मोहरीची गाठ, गाठ कुणा दिसू नये,
माझ्या सूनबाईच्या गं चाका काटा बोचू नये."

मागून अण्णांची चप्पल वाजली. मी पदर पुरचुंड्यांवर टाकला आणि तिथंच खाली बसले.

"मिस्त्रीनं पट्टी फाडली म्हणे," ते दारातून म्हणाले. "काय निघालं?"

आत्याबाईंनी मान खाली घातली. सत्तरीची बाई, आणि पोरानं विचारलं तर घाबरली होती. अण्णांचा राग मी ओळखून होते. बुवांच्या त्या हसण्याचा हिशेब त्यांनी अजून कुणाशी चुकता केला नव्हता. एका वाक्यात मी मोकळी होणार होते. तीन वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते.

"कॅन," मी म्हटलं.

"काय?"

"कॅनच्या बुडाला चीर आहे. पाणी सीटमागच्या भोकातून पट्टीत उतरायचं. तिथं साठून राहिलं. मी भोक बुजवून घेतेय. आता ओल यायची नाही."

अण्णा दारातून एक पाऊल पुढं आले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, ज्याची मला धास्ती होती.

"मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होता."

"तीन वर्षं म्हणतोय."

"हो."

"झाकण नाही तर बूड. पण कॅन तो कॅनच."

"हो हो. कॅनच."

ते समाधानानं आत गेले. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला. 'कॅन तो कॅनच', हे पुढं चौदा वर्षं मी ऐकलं. पाहुण्यांसमोर, मंडळांसमोर, एकदा तर माझ्या भावाच्या लग्नाच्या पंगतीत. दर वेळी माझे दात एकमेकांवर बसायचे. कुणी सांगेल, की असं काही केल्यावर मन शांत होतं. माझं झालं नाही.

आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री नाही, शुक्रवारीही नाही. दस्तगीरला मी एवढंच सांगितलं, "मिस्त्री, कॅन फुटका होता." तो नव्या पत्र्यावर काळा रंग ओढत होता. "व्हय," तो म्हणाला. "लई फुटका."

शनिवारी सकाळी सीटखाली हात घातला. कोरडं. पुन्हा घातला. कोरडंच. पेट्या चढल्या, आठच्या आठ. बाया आल्या, कुंकू लागलं. अण्णा शेजारी बसले. मी पाया पडायला आत निघाले, तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. नऊवारी नवी, काखेत बोचकं.

"कुठं निघालात?" अण्णांनी खिडकीतून विचारलं.

"कॅन गळतोय म्हणं," त्या म्हणाल्या. "तिचं ध्यान रस्त्यावर. तुला दिसत न्हाई. मागं कुणीतरी बघाय नको?"

"आई, चार महिने..."

"मग काय चार महिने मला हितं मीठ लावून ठेवतोस?"

एवढं म्हणून त्या माझ्याकडं न बघता मागच्या दाराशी गेल्या आणि दांडी धरून, गुडघ्याला शिव्या देत, चढल्या. मी माझ्या जागी चढून स्टिअरिंगला डोकं टेकलं. माझे चार महिने. माझा भात, माझी झोप, देवळापुढचं माझं एकटीचं पहाटेचं बसणं. मागं आत्याबाई पेट्या सरकवून जागा करत होत्या, आणि अण्णा ओरडत होते, की भात्यावर हात ठेवू नका.

गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी त्या म्हणाल्या, हळू. चौकात म्हणाल्या, हळू. समोर बैल दिसला तेव्हा, सायकल दिसली तेव्हा, आणि काहीच दिसलं नाही तेव्हाही. अंकलीच्या पुलावर मी शेवटी म्हटलं, "आत्याबाई, ह्याहून हळू गेलो तर मागं जाऊ."

खाली कृष्णा संथ होती. मग माझ्या सीटच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, आणि अण्णांना ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात, माझ्या कानाशी वाकून विचारलं,

"समुद्र कधी लागंल गं?"

"संध्याकाळ होईल."

"दिवस बुडायच्या आत?"

"असंच हळू गेलं तर नाही."

त्यांनी थोडा विचार केला.

"मग जरा जोरात हाण की," त्या म्हणाल्या.